भिंतीकडून चला

साडेबाराची घंटा झाली की आधी चार-पाच सेकंद काहीच ऐकू यायचं नाही. मग तिसऱ्या मजल्यावर बाक सरकायचे, आणि तो आवाज जिन्याच्या तोंडाशी जमून खाली सुटायचा. सकाळच्या पाळीची सोळाशे मुलं, बत्तीसशे पाय, आणि उतरायला जिना एकच.

त्या चार-पाच सेकंदांत मावशी त्यांच्या जागेवर पोचलेल्या असायच्या. जागा ठरलेली. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येताना जिना जिथं वळतो, तिथं एक मोठं चौकोनी वळण आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं, आणि त्या उघड्या बाजूला लोखंडी कठडा. कठड्याच्या पलीकडे अठरा फूट खाली अंगणाची फरशी. मावशी कठड्याला पाठ लावून उभ्या राहायच्या, दोन्ही हात पसरून, आणि मुलांचा लोंढा आला की सुरू व्हायच्या.

"भिंतीकडून. भिंतीकडून चला. ए चष्मा, भिंतीकडून. मी तुझं नाव नाही विचारलं, भिंत दाखवतेय."

"मावशी, आज शेवटचा पेपर होता."

"मग काय उडत जाणार का? भिंतीकडून."

"मावशी, हिला ढकललं त्यानं."

"त्याला उद्या मी ढकलीन. आज भिंतीकडून."

म्हणून त्यांचं नाव भिंतमावशी. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं. आमच्या आधीच्या तुकड्या त्यांना भिंतमावशी म्हणायच्या, आम्ही म्हणायचो, आमच्यानंतरची मुलंही म्हणायची. घरी आईला सांगितलं की भिंतमावशी ओरडली, तर आई विचारायची, "अजून आहेत त्या?" कारण आईही त्याच हातांखालून उतरलेली.

शाळा सरकारी, आणि अवाढव्य. तीन मजले, चौसष्ट खोल्या, दोन पाळ्या. गावात मोठी छपरं फार नाहीत, त्यामुळे काहीही झालं की ते शाळेत होतं. मतदान शाळेत. नोकरभरतीच्या परीक्षा शाळेत. लस टोचायची, शाळेत. नदीचं पाणी चढलं त्या वर्षी चारशे कुटुंबं एकोणीस दिवस वर्गात झोपली होती, आणि नववी 'क'च्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'इथे आमचे घर आहे, चपला बाहेर.' चोर आणि फौजदार एकाच बाकावर बसून शिकलेत, असं गावात हसून सांगतात, आणि ते खोटं नाही. डॉक्टर तो जिना उतरलाय, न्हावी उतरलाय, आताचे मुख्याध्यापक स्वतः नववीत असताना कठड्यावरून घसरत उतरलेत आणि त्यांनी मावशींच्या हातची चापटी खाल्लेली आहे.

गोम तिथंच होती. ज्या जिन्यावर अख्खं गाव लहानाचं मोठं झालं, तो जिना दगा देईल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

दुसरा एक जिना होता, इमारतीच्या मागच्या अंगाला. त्याला खाली सरकती जाळी, जाळीला कुलूप. मोठी मुलं शेवटच्या तासाला तिथून सटकायची, म्हणून तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला आणि ती जाळी बंद झाली. किल्ली मावशींच्याच जुडग्यात होती. चौसष्ट खोल्यांच्या चौसष्ट किल्ल्या, वर त्या जाळीची एक. अक्षरं पुसली जातात म्हणून मावशींनी किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले होते. कुठला रंग कुठली खोली ते फक्त त्यांच्या डोक्यात.

कठडा हलतो, हे त्यांना सहा वर्षांपूर्वी कळलं. डोळ्यांनी नाही, पाठीनं.

पाणी ओसरून शाळा पुन्हा सुरू झाली त्या महिन्यात. सुट्टी झाली होती, वरून रेटा आला, दोन-चार पोरं त्यांच्या अंगावर आली, आणि त्यांच्या पाठीमागचं लोखंड हळूच बाहेर गेलं. बोटभर. आणि परत आलं. जसा झोपलेल्या माणसाचा श्वास.

मुलं गेल्यावर त्या खाली बसल्या. दुसऱ्या उभ्या गजाच्या मुळाशी सिमेंट फुटलं होतं. वरच्या टाकीचं पाणी वर्षानुवर्षं तिथं झिरपत होतं. त्यांनी केसातली पिन काढून फटीत घातली. पिन गेली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती वहीत त्यांनी कारकुनाकडून लिहून घेतलं: मधल्या वळणाचा कठडा हलतो. वर्षभरानं त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'पाहिले', आणि सही. त्या वर्षी फटीत पेन्सिल जात होती. मावशींनी पुन्हा लिहून घेतलं. पुन्हा 'पाहिले'. चौथ्या वर्षी खडू. सहाव्या वर्षी त्यांचा अंगठा पेरापर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा तांबडा होऊन आला.

सहा नोंदी, सहा सह्या. कठड्याला मात्र मधल्या काळात तीन वेळा रंग मिळाला. हिरवा.

तेव्हापासून त्या नुसत्या उभ्या राहायच्या नाहीत, उलट्या बाजूनं रेटून उभ्या राहायच्या. पाय फरशीत रोवून, अंग पुढं झुकवून, लोंढा आपल्या छातीवर घ्यायचा आणि भिंतीकडं वळवायचा. मधल्या सुट्टीला एकदा, सुटताना एकदा, दुपारच्या पाळीला तसंच. रोज चार वेळा. शाळेत कुणाच्या हे लक्षात आलं नाही. लक्षात यावं असं काही होतही नव्हतं. एक मावशी जिन्यात उभी राहून पोरांवर ओरडते, यात बघण्यासारखं काय?

त्यांच्या निळ्या कोटाच्या पाठीवर तेवढी एक आडवी रेघ पडायची. गंजाची. कितीही घासली तरी न जाणारी.

त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली तेव्हा बांधकाम खात्याचा इंजिनियर आला. मावशींनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून लागून आणवलेला. आला तो रविवारी, शाळा रिकामी असताना. जिना चढता चढता मावशींकडं बघून हसला.

"ओळखलंत का मावशी?"

"दहावी 'ब'. डबा चोरायचास."

"चोरायचो कुठं, वाटून घ्यायचो." त्यानं कठड्याला दोन बोटं लावून हलवून बघितलं. कठडा जेमतेम कुरकुरला. "हा? अहो, यावरून मी घसरत खाली आलोय. माझा भार सोसला त्यानं."

"तू तेव्हा चाळीस किलोचा होतास. आणि तो तेव्हा तरुण होता."

"बरं, हलतो थोडा. मान्य." त्यानं फायलीतून एक छापील कागद काढला आणि कठड्यावरच ठेवून भरायला लागला. मावशींनी कागद उचलला आणि भिंतीवर धरला. तो भिंतीवर लिहायला लागला. "लांबी... बारा फूट. वय... चाळीसच्या पुढं. आजवरचे अपघात?"

"नाही झाला."

"एकही नाही?"

"मी उभी असते ना इथं."

"ते लिहायला रकाना नाही, मावशी." त्यानं शून्य काढलं, छान गोल. "शून्य अपघात म्हणजे तिसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाचं काम मोठ्या सुट्टीत निघतं. निघालं तर."

"आणि पहिल्या वर्गाचं?"

"अपघात झाला की आठवड्यात. तेव्हा वरचे साहेबसुद्धा धावत येतात." तो टोपण लावता लावता म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय."

तो गेल्यावर मावशी वळणावर बसून राहिल्या. शून्य. तो आकडा त्यांच्या पाठीनं काढलेला होता. सहा वर्षं रोज चार वेळा त्या इथं उभ्या राहिल्या नसत्या तर कठडा केव्हाच बोलला असता. कुणाचं तरी पोर घेऊन बोलला असता, पण बोलला असता. त्यांनी त्याचं तोंड दाबून धरलं होतं. आणि दोन महिन्यांनी त्या हात काढून घेणार होत्या.

निरोप समारंभ तळमजल्याच्या सभागृहात झाला. भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, मावशी म्हणजे या शाळेचा आधारस्तंभ. भिंतीवर लावायचं घड्याळ दिलं. मावशींनी किल्ल्यांचं जुडगं टेबलावर ठेवलं.

"माझ्या जागी कोण येणार, सर?"

"जागा भरायची नाही असं आलंय, मावशी. सफाईला कंत्राटी माणसं येतील सकाळी. घंटा तर आता आपोआपच होते."

"आणि जिन्यात?"

"जिन्यात काय?"

"सुटताना उभं कोण राहणार?"

मुख्याध्यापक हसले. माणूस वाईट नव्हता. सोळाशे मुलं, चाळीस शिक्षक, आणि दर आठवड्याला वरून नवा तक्ता मागणारं खातं, यात तो पार पिचून गेला होता. "मुलं मोठी झालीत आता, मावशी. तुम्ही आराम करा."

मावशींचं घर शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या गल्लीत. दोन खोल्या, त्या आणि त्यांची सून आणि नात. मुलगा नाही राहिला. ते जुनं झालं. सून दवाखान्यात कामाला, सकाळी सातला जायची. नात आठवीत, ह्याच शाळेत, तिसऱ्या मजल्यावर. तिला सगळे ठकी म्हणायचे. बारीक अंगाची, बोलायला भारी.

निवृत्तीनंतर मावशी साडेबाराला खिडकीशी येऊन बसायच्या. घंटा. चार-पाच सेकंद. मग तो आवाज. इथून तो ढगांसारखा ऐकू यायचा. त्या मनातल्या मनात उतरायच्या: तिसरा मजला, दुसरा, आता वळण. वळणावर त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. मग आवाज खाली सांडायचा, अंगणात पसरायचा, फाटकातून बाहेर पडायचा, आणि त्या मोकळा श्वास घ्यायच्या. थोड्या वेळानं ठकी दप्तर फेकत घरात यायची.

"भिंतीकडून आलीस ना?"

"हो गं आजी."

"रोज सांगतेय म्हणून कंटाळू नकोस."

"रोज विचारतेस म्हणून कंटाळते."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मावशींनी धुण्याची बादली ओढली. ठकीचा पांढरा सदरा, एरवी ती स्वतःच धुवायची तो, उलटा करून साबण लावायला घेतला, आणि त्यांचा हात थांबला.

सदऱ्याच्या पाठीवर एक आडवी रेघ होती. तांबूस. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

त्यांनी ती नखानं खरवडली. वास घेतला. मग आत जाऊन ट्रंकेतला आपला निळा कोट काढला आणि सदऱ्याशेजारी पसरला. दोन्ही रेघा सारख्या. कोटाची कमरेच्या वर, सदऱ्याची पार खांद्यांशी. पोर तेवढीच उंच होती.

ठकी शाळेला निघायच्या तयारीत वेणी घालत होती.

"हे काय लागलंय पाठीला?"

"कुठं काय?"

"ठके."

ठकीनं रिबिनीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मी उभी राहते तिथं."

"कुठं तिथं?"

"तुझ्या जागेवर. घंटेच्या आधी दोन मिनिटं तहानेचं निमित्त काढून निघते वर्गातून. बाई सोडतात."

मावशींनी कोटाशेजारचा सदरा उचलून घेतला.

"पहिल्या दिवशी तिथं कुणीच नव्हतं ना, आजी. सगळी मोठी मुलं बाहेरूनच वळली, एकदम. सहावीची एक मुलगी दाबली गेली कठड्यावर. मी पाहिलं. तो हलतो. खरंच हलतो, तू सांगायचीस तसा." ठकीला आता थांबवत नव्हतं. "मग मी उभी राहिले. ऐकतात माझं. मला छोटी भिंतमावशी म्हणतात."

"किती किलोची आहेस तू?"

"चौतीस."

"आणि दहावीतली पोरं?"

"ते मला काय माहीत."

"मला माहीत आहे. माझ्या छातीवर घेतलीत मी." मावशींचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आजपासून तिथं उभं राहायचं नाही."

"मग कोण राहणार?"

"कुणी का असेना."

"असं कसं कुणी का असेना? तू नाव सांग, मी त्याला उभं करते. सांग ना. बाई तास संपवून शिक्षकखोलीत जातात. शिपाईकाका दुपारी येतात. कोण?" ती दारात उभी राहून खरंच उत्तराची वाट बघत होती. मग म्हणाली, "तूच तर उभी राहायचीस. तुला कुणी सांगितलं होतं?"

आणि गेली.

साडेअकराला मावशी शाळेच्या फाटकावर होत्या. दरवान नवा नव्हता, दहा वर्षांचा ओळखीचा, तरी वही पुढं करून म्हणाला, "मावशी, आता पाहुणे म्हणून सही करावी लागते हो. कामाचं स्वरूप लिहा."

"लिही, जुनं काम राहिलंय."

मुख्याध्यापकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मावशींनी सदरा टेबलावर पसरला. सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं.

"मी आज तिला बोलावून सक्त ताकीद देतो. वर्गाबाहेर पडायचंच नाही घंटेआधी. ठीक?"

"आणि तिच्या जागी?"

"फाइल गेलेली आहे, मावशी. मोठ्या सुट्टीत काम निघेल."

"सुट्टीला चार महिने आहेत. तोवर मागची जाळी उघडा."

"तो हुकूम माझा नाही. एक मुलगा पळाला तरी जबाब मला द्यावा लागतो."

"एक मुलगा पडला तर?"

"असं वाईट बोलू नका." त्यांनी खिडकीतून जिन्याकडं पाहिलं, मग पुन्हा मावशींकडं. "चाळीस वर्षांत कधी काही झालंय का तिथं? तुम्हीच सांगा."

मावशींनी सदरा उचलला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. "नाही झालं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

बाहेर आल्यावर त्या फाटकाकडं गेल्या नाहीत. पाण्याच्या नळापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. बारा वाजून गेले होते. सहावा तास चालू होता. अंगण रिकामं, वर कुठल्यातरी वर्गातून पाढे म्हटल्यासारखा एकसुरी आवाज. घड्याळाचा काटा पुढं जात होता, आणि साडेबाराला ती नवी घंटा आपोआप होणार होती. पूर्वी घंटा त्या स्वतः द्यायच्या. जिना रिकामा आहे ना, कुणी मध्ये अडकलं नाही ना, बघून द्यायच्या. ही घंटा काही बघत नव्हती.

त्यांनी दरवानाला हाक मारली. "इकडं ये जरा. या फरशीवर, जिन्याच्या खाली, कुणाला येऊ द्यायचं नाही. मांजरसुद्धा नाही. आणि तू स्वतः पण लांब, नळापाशी उभा राहा."

"का हो?"

"वरून धूळ पडणार आहे."

"साफसफाई करताय? निवृत्त झालात ना?"

"म्हटलं ना, जुनं काम राहिलंय."

कार्यालयाच्या बाहेर, फळीमागं, घंटेचा खटका होता. त्याच्यावरची जाळी-जळमटं त्यांनीच आजवर काढलेली. त्यांनी खटका खाली ओढून घंटा बंद केली. मग जिना चढल्या. भिंतीकडून.

वळणावर पोचल्यावर त्या पहिल्यांदाच कठड्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सहा वर्षं पाठीला ओळखीचा, पण समोरून असा त्यांनी तो कधी नीट बघितलाच नव्हता. हिरवा, गुळगुळीत, नवा दिसणारा. खाली अंगणात दरवान नळापाशी उभा राहून वर बघत होता.

कठड्याचं टोक जिथं भिंतीला भिडतं, तिथली खुंटी त्यांनी एका हातानं धरली. दुसऱ्या हातानं कठडा आपल्याकडं ओढला आणि बाहेर लोटला. तो गेला आणि आला. पुन्हा ओढला, लोटला. गेला, आला. मनात त्यांनी धरून ठेवलं होतं की बराच वेळ लागेल, कदाचित जमणारच नाही, साठीची बाई आणि बारा फूट लोखंड. तिसऱ्या वेळी त्यांनी खुंटी न सोडता पायानं एक रेटा दिला. फार जोराचा नाही. दहावीतल्या पोरानं मस्तीत शेजाऱ्याला द्यावा, तेवढा.

कठडा आला नाही परत.

चारही गज मुळासकट निघाले. क्षणभर तो अख्खा सरळ हवेत उभा राहिल्यासारखा दिसला, मग झुकला आणि गेला. खाली जो आवाज झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला म्हणतात. वरच्या सगळ्या वर्गांतले आवाज एका झटक्यात थांबले.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं की आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तीन वेळा. इतका हलका होता तो. काल ठकीची पाठ त्याला लागलेली होती.

मुख्याध्यापक धावत जिन्यात आले आणि वळणाच्या तीन पायऱ्या खालीच थांबले. जिथं कठडा होता तिथं नुसतं आभाळ होतं. फरशीच्या कडेला चार भोकं, आणि भोकांत लोखंडाच्या जागी तांबडा चुरा.

"मावशी," ते म्हणाले, "ही सरकारी मालमत्ता आहे."

"आहे. खाली पडलीय, उचलून ठेवा."

"मला हे वर कळवावं लागेल. तुमच्यावर गुन्हा—"

"कळवा. पण आधी मागची जाळी उघडा. साडेबाराला तीन मिनिटं आहेत. घंटा मी बंद केलीय, पण पोरांच्या पोटात दुसरी घंटा असते."

मुख्याध्यापकांनी खिशातून जुडगं काढलं. पासष्ट किल्ल्या, पासष्ट दोरे. ते एक एक बघायला लागले. एक किल्ली, दुसरी, पुन्हा पहिली.

"निळा आणि पांढरा पीळ दिलेला," मावशी म्हणाल्या. "कुलूप गंजलंय. दरवानाकडं सायकलीचं तेल आहे."

साडेबारा वाजले आणि शाळा उठली नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. घंटा नाही म्हणून सोळाशे मुलं बाकांवर बसून राहिली, आणि शिक्षक दारांत येऊन एकमेकांकडं बघत राहिले. मग मागच्या बाजूला जाळी किंचाळत सरकली, आणि एकेक वर्ग रांगेनं तिकडून उतरायला लागला. सगळ्यांना उतरायला पाऊण तास लागला. फाटकावर आया जमल्या होत्या. काय झालं, काय झालं, असं चाललं होतं, आणि खाली पडलेलं ते हिरवं लोखंड बघून एकेक आई गप्प होत होती. प्रत्येकीचा हात कधी ना कधी त्यावरून फिरलेला होता.

मुख्याध्यापक वळणाखालच्या पायरीवर बसले होते. कारकुनानं दुरुस्ती वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्याबरोबर इंजिनियरच्या त्या छापील कागदाची शाळेकडं राहिलेली प्रतही. त्यांनी मागची पानं उलटली. हलतो; पाहिले. हलतो; पाहिले. शेवटच्या दोन सह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

त्यांनी पेन उघडलं. "काय लिहू, मावशी?"

"त्या कागदावर एक शून्य आहे. ते खोडा. एक लिहा."

"जखमी?"

"कठडा."

त्यांनी मान वर केली. मावशी हसत नव्हत्या. त्यांनी शून्य खोडलं आणि एक लिहिलं.

"एक म्हणजे पहिला वर्ग," मावशी म्हणाल्या. "आठवड्यात माणसं येतात म्हणे."

तेवढ्यात वरून हाक आली. ठकीची. तिचा वर्ग सगळ्यात शेवटी सुटला होता, आणि ती रांगेतून निसटून पुढच्या जिन्यावर आली होती. मावशींना ती दिसत नव्हती. ती वरच्या वळणावर होती, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या. तिथंही तसाच कठडा होता. त्याच वर्षी बसवलेला, त्याच टाकीखाली, त्याच हिरव्या रंगाचा. तिथं कधीच कुणी उभं राहिलं नव्हतं.

"आजी," ठकी म्हणाली. तिचा आवाज फरशीलगतून येतोय असा वाटत होता, म्हणजे ती खाली वाकून बसली असणार. "आजी, इथं पण पेन्सिल जाते. पूर्ण जाते."

मुख्याध्यापकांचं पेन कागदावर थांबलं.

मावशींनी भिंतीचा आधार घेऊन वर बघितलं. "ठके, ऐक माझं," त्या अगदी हळू म्हणाल्या, झोपेत चालणाऱ्याशी बोलावं तसं. "पेन्सिल तिथंच राहू दे. उठू नकोस एकदम. कशाला धरू नकोस. मागं सरक, बसल्या बसल्या. सरकलीस?"

"सरकले."

"पाठीला काय लागलं?"

"भिंत."

"हां. आता उठ. आणि भिंतीकडून मागं जा."